आपल्या संगणकावर दिसणारे चित्र सर्व्हरवर चढवल्यावर का दिसत नाही?

स्वतःचे वेबपान तयार करायला शिकणाऱ्याला ही अडचण सहसा पहिल्या काही दिवसांतच भेटते आणि सुटली असे वाटत असतानाच पुढच्या पानावर पुन्हा उभी राहते. पान आपल्या संगणकावर उघडले की सगळे जागच्या जागी दिसते. तेच पान सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून पाने पुरवणाऱ्या संगणकावर, चढवले की मजकूर नीट येतो, पण चित्राच्या जागी रिकामी चौकट किंवा फाटलेल्या चित्राचे लहानसे चिन्ह राहते. मग चित्र पुन्हा जतन करणे, त्याचा आकार कमी करणे, फाइल पुन्हापुन्हा चढवणे, होस्टिंगच्या (सर्व्हरवर जागा देणाऱ्या) सेवेवर संशय घेणे असे उपाय सुरू होतात. मी शिकत असताना माझ्या दोन संध्याकाळी अशाच गेल्या आणि शेवटी चूक अवघ्या तीन अक्षरांची निघाली. त्यानंतर इतरांची पाने तपासताना माझे मत पक्के होत गेले की या तक्रारीत चित्र बहुतेक वेळा निर्दोष असते. चुकलेला असतो तो पानात लिहिलेला चित्राचा पत्ता, आणि ती चूक आपल्या संगणकाने काहीही न सांगता सांभाळून घेतलेली असते.

हे का घडते ते समजण्यासाठी पानात चित्र कसे येते हे आधी स्पष्ट व्हायला हवे. वर्ड प्रोसेसरमध्ये चित्र घातले की ते त्या दस्तऐवजाचाच भाग होते. ती एक फाइल दुसऱ्याला दिली की चित्रही तिच्याबरोबर जाते. वेबपानाचे तसे नाही. पान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या फाइलमध्ये सहसा चित्र नसतेच. तिथे फक्त इमेज टॅग, म्हणजे ‘इथे चित्र दाखव’ असे सांगणारी खूण, असतो आणि त्याच्या सोर्स या गुणधर्मात चित्राचा पत्ता असतो. सुरुवातीच्या ब्राउझरच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये हा टॅग सुचवला तेव्हापासून त्याचे मूळ काम तेच आहे: ब्राउझर पान वाचतो, त्यात पत्ता सापडला की त्या पत्त्यावर चित्रासाठी वेगळी मागणी पाठवतो आणि उत्तरादाखल जे येईल ते त्या जागी दाखवतो. दहा वेगवेगळी चित्रे असलेले पान पूर्ण दिसण्यासाठी पानाची एक आणि चित्रांच्या दहा अशा अकरा मागण्या पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि त्यांपैकी प्रत्येकीचा पत्ता स्वतंत्रपणे बरोबर किंवा चूक असू शकतो. पानाचे रंग आणि मांडणी ठरवणारी सीएसएसची फाइलही याच रीतीने मागवली जाते, म्हणून ‘रंग आणि मांडणी गेली, नुसता मजकूर उरला’ ही तक्रार म्हणजे याच दोषाचे दुसरे लक्षण आहे, आणि पुढे चित्राबद्दल जे लिहिले आहे ते तिलाही लागू पडते.

ब्राउझरने नेमके काय मागितले?

अंदाज बांधण्याआधी ब्राउझरने कोणता पत्ता मागितला आणि सर्व्हरने काय उत्तर दिले हे पाहावे. सर्व्हरवरचे पान उघडून कीबोर्डवरची एफ १२ ही कळ दाबली की डेव्हलपर टूल्स उघडतात. कळ चालत नसेल तर पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडावे. त्यात नेटवर्क नावाचे पॅनेल असते. ते उघडे ठेवूनच पान पुन्हा लोड करावे, कारण पॅनेल उघडण्याआधी झालेल्या मागण्या त्यात सहसा दिसत नाहीत. आता प्रत्येक मागणीची एकेक ओळ दिसेल आणि फसलेल्या मागण्या लाल रंगात असतील. अशा ओळीवर क्लिक केले की मागितलेला संपूर्ण पत्ता आणि सर्व्हरच्या उत्तराचा तीन अंकी क्रमांक दिसतो.

हा क्रमांक फार उपयोगाचा आहे. ४०४ म्हणजे या पत्त्यावर मला काहीही सापडले नाही. आपली अडचण बहुधा इथेच असते. ४०३ म्हणजे देण्यास मनाई आहे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या फाइलीच्या परवानग्यांमध्ये असते. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर फाइलीला ६४४ आणि फोल्डरला ७५५ ही परवानगी सामान्यतः पुरते आणि ती होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून बदलता येते. २०० म्हणजे मागितलेले दिले. पण २०० असूनही चित्र नसेल तर उत्तराचा प्रकार पाहावा. काही सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला मुखपृष्ठच पाठवतात आणि क्रमांक मात्र २०० देतात, त्यामुळे चित्राऐवजी एचटीएमएल आलेले दिसते. अशा वेळी ते ४०४ आहे असेच समजून पुढे जावे.

यानंतर दोन गोष्टी एकमेकींखाली ठेवून वाचाव्यात: ब्राउझरने मागितलेला पत्ता आणि सर्व्हरच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसणारे फोल्डरचे व फाइलीचे खरे नाव. वाचणे म्हणजे अक्षर अन् अक्षर वाचणे. आपल्या संगणकावरच्या नावाशी तुलना करू नये, कारण तिथले नाव आणि सर्व्हरवरचे नाव एकच आहे की नाही हाच तर प्रश्न आहे. चित्रांचा फोल्डर चढवायचाच राहिला, किंवा ब्राउझरमधून फाइली निवडून चढवताना त्या फोल्डरविना थेट मुख्य जागी जाऊन पडल्या, हेही याच तुलनेत लगेच उघड होते.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा घोटाळा

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ खाणारे कारण हेच आहे. देवनागरीत मोठी आणि लहान अशी अक्षरांची दोन रूपे नसतात, त्यामुळे रोमन लिपीतल्या नावातला हा फरक आपल्या नजरेला तितकासा खटकत नाही. समजा फोल्डरचे नाव ‘इमेजेस’ आहे. त्यातला पहिला ‘आय’ कॅपिटल असतो आणि पानात आपण तो स्मॉल लिहितो. आपल्याला ते एकच नाव वाटते. विंडोजलाही ते एकच वाटते, कारण तिथली फाइल व्यवस्था नाव दिले तसे लक्षात ठेवते, पण शोधताना कॅपिटल आणि स्मॉल यांत भेद करत नाही. मॅकवरही मूळ मांडणीत हीच वागणूक आहे. लिनक्सवर मात्र ती दोन पूर्णपणे वेगळी नावे आहेत, इतकी की दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारीशेजारी राहू शकतात. आणि होस्टिंगचे सर्व्हर फार मोठ्या प्रमाणावर लिनक्सवरच चालतात. आपल्या संगणकाने जी ढिलाई खपवून घेतली ती सर्व्हरने घेतली नाही, एवढाच हा फरक आहे. विंडोजवर चालणाऱ्या होस्टिंगवरही अशी चूक खपून जाते, म्हणून एका ठिकाणी वर्षभर नीट चाललेली पाने दुसऱ्या होस्टिंगवर हलवताच त्यांतली निम्मी चित्रे गेली असेही घडते. तिथे नव्या होस्टिंगला दोष देण्याचे कारण नाही.

या चुकीचा एक पोटप्रकार ओळखणे अधिक अवघड असते. बऱ्याच कॅमेऱ्यांतून उतरलेल्या फाइलींची नावे विस्तारनामासह (नावातल्या टिंबापुढच्या भागासह) संपूर्ण कॅपिटल अक्षरांत असतात. विंडोज आपण होऊन ओळखीची विस्तारनामे लपवते, त्यामुळे फाइलीच्या नावाच्या शेवटी असलेले ‘जेपीजी’ कॅपिटलमध्ये आहे हे आपल्याला दिसतच नाही आणि पानात आपण ते सवयीने स्मॉलमध्ये लिहितो. माझ्या त्या दोन संध्याकाळी याच कारणाने गेल्या होत्या: नाव मी वीस वेळा तपासले होते, पण दिसत नसलेला भाग कसा तपासणार? म्हणून वेबपाने तयार करणाऱ्या प्रत्येकाने फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूमध्ये जाऊन विस्तारनामे दाखवण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करावा. नोटपॅडमध्ये जतन केलेल्या पानाला एचटीएमएलच्या पुढे टीएक्सटी हे दुसरे विस्तारनाम चिकटले असेल किंवा चित्राच्या नावात जेपीजी दोनदा आले असेल, तर तेही यामुळे ताबडतोब दिसते.

दुरुस्ती करताना पानातला पत्ता बदलण्यापेक्षा फाइलीचे नावच संपूर्ण स्मॉल अक्षरांत करून घ्यावे आणि पुढे सर्वत्र तीच रीत पाळावी. प्रत्येक फाइलीचे कॅपिटल कुठे आहे हे लक्षात ठेवणे कोणालाही जमत नाही. मात्र नाव बदलून फाइल पुन्हा चढवली की लिनक्सच्या सर्व्हरवर जुन्या नावाची प्रत तशीच राहते, ती आठवणीने काढून टाकावी. फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन वापरणाऱ्यांना इथे आणखी एक अडसर येतो. विंडोज आणि मॅकवर गिट सामान्यतः अक्षरांच्या आकारातला फरक दुर्लक्षित करते, त्यामुळे केवळ कॅपिटलचे स्मॉल केलेले नाव त्याला बदल वाटत नाही आणि भांडारात जुनेच नाव राहते. आपण नाव बदलले, नोंद केली, पाठवले, तरी सर्व्हरवर काहीच बदलले नाही असे त्या वेळी दिसते. गिटची स्वतःची नाव बदलण्याची आज्ञा वापरली, किंवा फाइलीला आधी एखादे वेगळेच नाव देऊन त्याची नोंद केली आणि मग हवे ते नाव देऊन दुसरी नोंद केली, की हा प्रश्न सुटतो.

पत्ता कुठून मोजला जातो

अक्षरे जुळत असूनही ४०४ येत असेल तर पत्त्याची सुरुवात पाहावी. तिथे ‘फाइल’ हा शब्द, त्यापुढे तीन स्लॅश आणि सी ड्राइव्हचे नाव असेल, तर पान तयार करण्याच्या एखाद्या साधनाने चित्राचा आपल्या संगणकावरचा पत्ता जसाच्या तसा पानात घातला आहे. असा पत्ता दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचा नाही. आणि सर्व्हरवरून आलेल्या पानाला संगणकातल्या फाइली वाचायला ब्राउझर सुरक्षेसाठी मनाई करतो, म्हणून तो आपल्यालाही उपयोगी पडत नाही. संपूर्ण पत्ता काढून तिथे सापेक्ष पत्ता लिहावा, म्हणजे या पानापासून चित्रापर्यंत कसे जायचे तेवढेच सांगावे.

सापेक्ष पत्ता हा पान ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजला जातो. मुखपृष्ठाच्या शेजारी ‘चित्रे’ हा फोल्डर असेल, तर मुखपृष्ठावर ‘चित्रे/नदी’ एवढे पुरते. (नावे वाचायला सोपी जावीत म्हणून इथे देवनागरीत आणि विस्तारनामाविना दिली आहेत.) तेच पान उचलून ‘सहल’ या फोल्डरमध्ये ठेवले की ब्राउझर ‘सहल’च्या आत ‘चित्रे’ हा फोल्डर शोधू लागतो आणि तो तिथे नसतो, म्हणून पत्ता ‘../चित्रे/नदी’ असा करावा लागतो, त्यातल्या दोन टिंबांचा अर्थ एक पायरी वर जा असा आहे. सीएसएसच्या फाइलमध्ये पार्श्वभूमीच्या चित्राचा पत्ता दिला असेल तर तो पानापासून मोजला जात नाही, सीएसएसच्या फाइलीच्या जागेपासून मोजला जातो, आणि हे माहीत नसल्याने पुष्कळ जण बरोबर असलेला पत्ता बिघडवतात.

पत्त्याच्या आरंभी येणारा एकच स्लॅश मात्र फार जपून वापरावा. त्याचा अर्थ ‘सगळ्यांत वरच्या पातळीपासून सुरुवात कर’ असा आहे, आणि ही वरची पातळी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. फाइलीवर दोनदा क्लिक करून पान उघडले असेल तर ती ड्राइव्हची मुळाशी असलेली जागा असते. स्वतंत्र डोमेनवर, म्हणजे संकेतस्थळाच्या स्वतःच्या नावावर, ती संकेतस्थळाची मुख्य जागा असते. आणि गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर एखाद्या प्रकल्पाचे पान असेल तर ते डोमेनच्या खाली प्रकल्पाच्या नावाच्या उपविभागात राहते, त्यामुळे आरंभीचा स्लॅश प्रकल्पाला ओलांडून थेट डोमेनच्या मुळाशी जातो आणि ४०४ मिळते. स्वतःच्या संगणकावर छोटा सर्व्हर चालवून पाहणाऱ्यांची पाने तिथे व्यवस्थित चालतात आणि गिटहब पेजेसवर सगळी चित्रे व सीएसएस एकदम जाते, त्याचे नेहमीचे कारण हेच असते. शिकण्याच्या काळात आरंभीचा स्लॅश वापरूच नये असे मी सुचवीन. सापेक्ष पत्ता लिहिला तर पाने आणि चित्रे एकत्र कुठेही हलवता येतात.

उलट्या स्लॅशबद्दल थोडक्यात. १९८३ सालच्या एमएस-डॉस २.० पासून विंडोजच्या घराण्यात फोल्डर वेगळे करायला बॅकस्लॅश वापरला जातो, आणि वेबच्या पत्त्यात साधा स्लॅश. पानातल्या पत्त्यात चुकून बॅकस्लॅश आला तर आजचे ब्राउझर तो आपण होऊन सुधारून घेतात, म्हणून तो सहसा आपल्या अडचणीचे मूळ नसतो. सीएसएसमध्ये मात्र बॅकस्लॅशला स्वतंत्र अर्थ आहे आणि तिथे पत्ता खरोखरच मोडतो. दोन्हीकडे साधा स्लॅशच लिहावा.

रिकाम्या जागा आणि देवनागरी नावे

वेबच्या पत्त्यात मोजकीच रोमन अक्षरे, अंक आणि काही चिन्हे थेट चालतात. बाकी सर्व काही टक्केचिन्हाच्या सांकेतिक रूपात बदलावे लागते. नावातली रिकामी जागा त्यामुळे ‘%२०’ होते, अर्थात इंग्रजी अंकांत. देवनागरीतला प्रत्येक वर्ण युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतो आणि प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्हासह तीन अक्षरे लागतात, म्हणून ‘नदी’ (न, द आणि वेलांटी असे तीन वर्ण) या छोट्या नावाचा पत्त्यात २७ अक्षरांचा मजकूर होतो. ब्राउझर हे रूपांतर स्वतः करतात, त्यामुळे देवनागरी नावे तत्त्वतः चालतात आणि ती वापरावीशी वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते. तरीही फाइलीच्या नावापुरती ती टाळावीत असे मी अनुभवावरून सांगतो, आणि त्याचे कारण मराठीतच दडलेले आहे. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र हा नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून लिहिता येतो, आणि साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे आहेत. फाइलीला नाव एका कीबोर्डवरून दिले आणि पान दुसऱ्यावरून लिहिले, तर डोळ्यांत तेल घालून तुलना केली तरी चूक सापडणार नाही. शिवाय झिप फाइल सर्व्हरवर उलगडताना अशा नावांची अक्षरे बिघडण्याचा धोका असतो तो वेगळाच. चित्राचे मराठी नाव पानावर मथळ्यात यावे आणि इमेज टॅगच्या ऑल्ट गुणधर्मातही यावे. तिथे ते वाचकाच्या आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्यांच्या खऱ्या उपयोगाचे असते, आणि चित्र आले नाही तर त्या जागी तोच मजकूर दिसतो. फाइलीचे नाव मात्र स्मॉल रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ यांतच असावे.

पत्ता बरोबर, क्रमांक २००, उत्तराचा प्रकारही चित्राचा, आणि तरीही चौकट रिकामी, असे असेल तर मात्र चित्राकडे वळावे. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो एचईआयसी या प्रकारात साठवू शकतो, आणि क्रोम व फायरफॉक्स तो प्रकार दाखवत नाहीत. विस्तारनाम बदलून जेपीजी केल्याने आतला मजकूर बदलत नाही. चित्र एखाद्या संपादकात उघडून जेपीजी म्हणून नव्याने जतन करावे लागते.

दुरुस्तीनंतरही जुनेच दिसत असेल तर ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी प्रत दाखवली जात असण्याची शक्यता असते. कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या की क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पान नव्याने मागवले जाते. ज्या फोनवर ते पान आधी कधी उघडलेले नाही अशा फोनवर पाहणे त्याहून खात्रीचे, कारण त्याच्याकडे तुमच्या पानाची जुनी प्रतही नसते आणि तुमचा सी ड्राइव्हही नसतो. एचटीएमएल तपासून देणाऱ्या साधनांवर मात्र यासाठी विसंबू नये. ती टॅगची रचना तपासतात, त्या पत्त्यावर फाइल आहे की नाही हे पाहत नाहीत.

पाने चढवण्याआधी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर येणाऱ्या छोट्या सर्व्हरसारख्या एखाद्या साधनाने ती आपल्याच संगणकावर चालवून पाहावीत, म्हणजे सी ड्राइव्हचा पत्ता आत राहिला असल्यास तो तिथेच पकडला जातो. अक्षरांच्या आकारातली चूक मात्र विंडोज किंवा मॅकवर या मार्गानेही पकडली जात नाही, कारण त्या सर्व्हरखाली फाइल व्यवस्था तीच असते.

एवढे करूनही चित्र येत नसेल आणि कोणाची मदत मागायची असेल, तर पानाच्या छायाचित्रावर भागवू नये, कारण रिकाम्या चौकटीवरून कोणालाच काही सांगता येत नाही. नेटवर्क पॅनेलमधून उतरवून घेतलेला संपूर्ण पत्ता, त्यासमोरचा तीन अंकी क्रमांक, सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये दिसणारे फाइलीचे नेमके नाव आणि पानातली इमेज टॅगची ओळ, या चार गोष्टी टंकलेखनाने पुन्हा न लिहिता तिथून कॉपी करून द्याव्यात; हाताने लिहिताना आपण नकळत चूक सुधारून टाकतो आणि शोधणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.